व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन: नस बंद झाली तरी काही पेशंट नाराज का राहतात?

अनघा_फेरतपासणी (धागाकर्ती):

व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या नसांच्या ऑपरेशननंतर पेशंट फेरतपासणीला येतात, तेव्हा डॉक्टरांच्या आधी त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. जखमा बघायच्या, पायावर दाब देणारे घट्ट मोजे नीट बसलेत का बघायचं, प्रश्नावली भरून घ्यायची. हे करताना एक गोष्ट सारखी जाणवते. तिच्यावर पेशंट आणि डॉक्टर दोघांनीही मोकळेपणाने बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

समजा, एकापाठोपाठ दोघं येतात. पहिल्याचा डॉप्लर, म्हणजे नसांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, अगदी हवा तसा. मांडीतली मोठी नस वरपासून खालपर्यंत बंद, जखमा भरलेल्या, सूज नाही. तरी चेहरा पडलेला. दुसऱ्या बाईंच्या पोटरीत एक फांदी अजून फुगलेली आहे, डॉक्टर म्हणतायत की पुढे एक इंजेक्शन द्यावं लागेल, आणि त्या मात्र मनापासून खूश. कागदोपत्री पहिलं ऑपरेशन जास्त यशस्वी. मग असं का होतं?

मला वाटतं, पेशंट नेमकी कोणती तक्रार घेऊन आला होता हे ऑपरेशनआधी कुणी नीट विचारलेलंच नसतं. त्यानेही ते स्वतःशी स्पष्ट केलेलं नसतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की उभं राहिल्यावर रक्त उलटं वाहतं, नस ताणली जाते, वेडीवाकडी फुगते. ऑपरेशनमध्ये ती बिघडलेली नस काढतात किंवा आतून बंद करतात. रक्त मग खोलवरच्या नीलांमधून जातं. हे सगळ्यांचं सारखंच. तक्रारी मात्र वेगळ्या. एकाचे पाय संध्याकाळी इतके जड होतात की जिना चढवत नाही. एकीला पाय उघडे टाकून चारचौघांत बसायची लाज वाटते. कुणाच्या घोट्याजवळची कातडी काळी पडलीय आणि खाज थांबत नाही. आणि बऱ्याच जणांना त्रास असा काही नसतोच, "ही नस एक दिवस फुटेल का" एवढी एकच भीती असते.

आमच्याकडे ॲबर्डीन प्रश्नावली वापरतात. ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. 13 प्रश्न, गुण 0 ते 100, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. तिचा पहिला प्रश्न मला फार आवडतो. पायांची पुढून आणि मागून चित्रं दिलेली असतात, त्यावर पेशंटने आपल्या फुगलेल्या नसा स्वतः काढायच्या. पेन हातात दिलं की माणूस काय काढतो ते बघण्यासारखं असतं. कुणी जांघेपासून घोट्यापर्यंत एकच सरळ रेघ मारून मोकळा होतो. कुणी पोटरीच्या मागचा तळहाताएवढा भाग गिरवून गिरवून काळा करतो आणि बाकी पाय कोरा ठेवतो. दोघांच्या डॉप्लरमध्ये बिघाड एकाच ठिकाणी असू शकतो. पण दुसऱ्याच्या पोटरीवरचा तो गुंता तसाच राहिला, तर मांडीतली नस कितीही चांगली बंद होवो, त्याच्या दृष्टीने ऑपरेशन झालेलंच नाही.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी लिहा: आधी काय त्रास होता, काय गेलं, काय राहिलं, आणि कोणती गोष्ट आधी कळायला हवी होती.

वाटसरू:

चांगला विषय. मी दिवसभर उभं राहून काम करतो. माझ्या डाव्या पायाला लेझर केलं. माझी तक्रार जडपणाची आणि सुजेची होती, संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठायचा. तो आता जवळजवळ उठत नाही. पाय कसा दिसतो याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं, त्यामुळे मी पूर्ण समाधानी.

पण पहिल्या आठवड्यानंतर मांडीच्या आतल्या बाजूला आत दोरी ताणल्यासारखं वाटायला लागलं. पाय सरळ केला की ओढ बसायची, हात लावला तर कडक पट्टा लागायचा. माझी खात्रीच झाली की काहीतरी बिघडलं. फोन केल्यावर सिस्टरांनी शांतपणे सांगितलं की उष्णतेने बंद केलेली नस आकसते, तिची ही ओढ आहे, काही आठवड्यांत जाईल. तशीच गेली. हे एक वाक्य आधी ऐकलं असतं तर त्या चार रात्री नीट झोप लागली असती. त्या आठवड्यात कुणी मला समाधानी आहात का विचारलं असतं, तर मी साफ नाही म्हटलं असतं.

शल्यक:

अनघाताई, धाग्याबद्दल आभार. मी रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करतो. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. आम्ही यश मोजतो डॉप्लरवर, पेशंट मोजतो जिन्यावर आणि आरशात.

आधी पद्धतींबद्दल, कारण समाधानाचा विषय निघाला की "लेझर चांगलं की जुनं ऑपरेशन" हा प्रश्न येतोच. जुन्या पद्धतीत जांघेत छेद देऊन नस बांधतात आणि ओढून काढतात. नवीन पद्धतीत सुईच्या छिद्रातून तार घालून लेझरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने नस आतून भाजून बंद करतात, तीही बहुतेक वेळा फक्त तेवढ्या भागाला भूल देऊन. तिसरी पद्धत नसेत औषधाचा फेस टोचून ती बंद करण्याची, म्हणजे फोमची. ब्रिटनमध्ये या तिन्हींची तुलना करणारी 'क्लास' नावाची मोठी चाचणी झाली, 798 पेशंटची, 2014 मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी आजाराशी संबंधित जीवनमान लेझर आणि जुन्या ऑपरेशननंतर सारखंच होतं, फोमनंतर किंचित कमी. गुंतागुंती लेझरमध्ये सर्वांत कमी. उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने तर 2013 मध्येच क्रम लावून दिला होता: आधी उष्णतेने बंद करणं, ते जमत नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर ऑपरेशन.

म्हणजे पहिले काही आठवडे सोडले तर लेझर आणि जुनं ऑपरेशन यांच्या समाधानात लोक समजतात तेवढा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तक्रार नसांचीच होती की नाही, यावर. 1999 साली एडिंबरामधल्या सर्वसामान्य लोकांच्या पाहणीत दिसलं की फुगलेल्या नसा आणि पायाच्या तक्रारी यांचा संबंध बराच कमजोर आहे. पाय दुखण्याची कारणं पुष्कळ असतात: गुडघ्याची झीज, कमरेत दबलेला मज्जातंतू, धमन्यांमधला अडथळा. फुगलेली नीला डोळ्यांना दिसते म्हणून सगळं खापर तिच्यावर फुटतं. मग नीला जाते आणि गुडघा दुखतच राहतो.

म्हणून मी एकच गोष्ट खोदून खोदून विचारतो: सकाळी उठल्या उठल्या पाय कसा असतो, आणि संध्याकाळी कसा? सकाळी हलका, दिवस चढेल तसा जड, पाय वर करून पडलं की आराम, असं असेल तर दुखणं बहुधा नीलेचं. पहिलं पाऊल टाकतानाच कळ येत असेल, तर मी आधी दुसरीकडे बघतो.

रेवा:

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिताना अजून वाईट वाटतं. मला दुखत नव्हतं. पायावरच्या निळ्या-हिरव्या नसा जाव्यात एवढंच हवं होतं. ज्या दवाखान्यात गेले तिथे भिंतीवर गुळगुळीत पायांचे फोटो होते. फोम घेतला. नसा बसल्या, पण त्या जागी तपकिरी पट्टा उमटला, आणि गुडघ्याच्या आत बारीक लाल जाळी आली जी आधी नव्हती. फेरतपासणीत "नस मस्त बंद झालीय" म्हणून पाठ थोपटली गेली. डाग दाखवले तर "ते होतं" एवढंच. होतं, तर आधी का नाही सांगितलं? संमतीपत्रावर सही घेतली तेव्हा तो मजकूर वाचायला सवडही दिली नव्हती.

शल्यक:

रेवा, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. बंद झालेल्या नसेत अडकलेल्या रक्तातलं लोह कातडीत उतरतं, त्याचा हा डाग. बहुतेकांचा काही महिन्यांत फिका होतो, काहींचा वर्षाहूनही जास्त टिकतो. नसेत रक्ताच्या कडक गाठी राहिल्या असतील तर त्या बारीक सुईने रिकाम्या करता येतात, त्याने मदत होते. ती लाल जाळीही ओळखीचीच आहे, बरेचदा आपोआप विरते. उरलीच तर आधी डॉप्लरने खाली कुठली नस उघडी राहिलीय का ते बघायचं. जाळीवरच घाईने इंजेक्शनं देत सुटू नये.

आणि हे सगळ्यांसाठी: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक नसा हा वेगळा भाग आहे. मोठी नस बंद केल्याने त्या जातीलच असं नाही. ज्याची मूळ तक्रार दिसण्याची आहे त्याला हे तोंडी सांगायलाच हवं, तेही सही घेण्याच्या आधी, वेगळं बसवून.

कुंदा_मावशी:

मी टायपिंगला हळू आहे, सांभाळून घ्या. माझ्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होती. भरायची, परत उघडायची. पट्ट्या बदलून बदलून घरातले सगळे थकले होते. वास येईल म्हणून मी कुणाकडे जाणं सोडलं होतं. नस बंद केली, वर घट्ट पट्टा बांधला, जखम भरली. पाय अजून काळा आहे, कातडी ताठ आहे, नसाही थोड्या दिसतात. मला कुणी गुण विचारले तर मी शंभरपैकी शंभर देईन.

अनघा_फेरतपासणी:

मावशी, किती छान लिहिलंत. जखमेच्या पेशंटबद्दल एक गोष्ट सगळीकडे पोचायला हवी. "आधी जखम भरू दे, मग नसांचं बघू" असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. 2018 मध्ये 'एव्ह्रा' चाचणीत 450 पेशंटमध्ये हे तपासलं. पट्टा बांधतानाच लवकर नस बंद केली तर निम्म्या पेशंटच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, नस नंतर केली तर त्याला 82 दिवस लागले. पट्टा दोन्ही गटांना होता. म्हणून जखम असलेल्या माणसाला थांबवून ठेवू नका, लवकर दाखवा.

नीलकंठ_का:

सगळे ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवडे-महिन्यांचं बोलताय. मी बरीच वर्षं मागे जुन्या पद्धतीने ऑपरेशन करून घेतलं, घोट्यापर्यंत नस ओढून काढली होती. पहिली काही वर्षं उत्तम गेली. आता जांघेपासून परत नसा फुगल्यात, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला एक बधिर पट्टा तेव्हापासून आहे तो आहेच, तिथे मोजा घातलाय की नाही ते कळत नाही. पेशंटला विचारायचं असेल तर पाच वर्षांनी विचारा. सहा आठवड्यांनी सगळेच आभार मानतात.

शल्यक:

काका, मुद्दा महत्त्वाचा आहे. घोट्याजवळ त्या नसेला खेटूनच संवेदनेचा मज्जातंतू जातो. नस खालपर्यंत ओढली की तो दुखावू शकतो. म्हणून पुढे बहुतेक सर्जन गुडघ्याच्या आसपासच थांबायला लागले. जांघेत परत दिसणाऱ्या नसा कधी कधी नवीन फुटलेल्या बारीक वाहिन्यांच्या असतात, तर कधी दुसऱ्याच नसेच्या झडपा मधल्या काळात निकामी झालेल्या असतात. आजाराची प्रवृत्ती ऑपरेशनने जात नाही, हे आम्ही आधी स्पष्ट सांगायला हवं. "कायमचं बरं" असा शब्द दिला की नाराजीची तारीख तिथेच ठरते.

'क्लास' चाचणीतल्या लोकांना पाच वर्षांनी परत विचारलं, ते निष्कर्ष 2019 मध्ये आले. लेझर आणि ऑपरेशनवाल्यांचं जीवनमान फोमवाल्यांपेक्षा चांगलं राहिलं होतं. तुम्ही परत डॉप्लर करून घ्या. आता जांघ न उघडताही बरंच काही करता येतं.

आकडेमोड:

माझं काम आरोग्याच्या आकडेवारीचं आहे, त्या बाजूने थोडं.

इंग्लंडमध्ये एप्रिल 2009 पासून व्हेरिकोज व्हेन्सच्या पेशंटकडून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर प्रश्नावल्या भरून घेत. 2017 मध्ये या आजारापुरतं ते थांबलं. त्या आकड्यांत एक विलक्षण गोष्ट दिसायची. ॲबर्डीन प्रश्नावलीवर पाचातल्या चारांहून जास्त पेशंट सुधारलेले. आणि त्याच पेशंटनी भरलेल्या सर्वसाधारण प्रकृतीच्या प्रश्नावलीवर सुधारलेले निम्म्याच्या आसपास. माणसं तीच, पाय तेच. कारण सर्वसाधारण प्रश्नावली चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता एवढंच विचारते. खाज, मोजे घालावे लागणं, पाय झाकून ठेवावासा वाटणं, यांना तिच्यात जागाच नाही. उलट ज्याला आधीपासून चालायला त्रास नव्हता तो "सुधारणार" तरी कुठे?

म्हणून कुणी "आमचे 95 टक्के पेशंट समाधानी" असं सांगितलं की मी तीन गोष्टी विचारतो. कुणी विचारलं, कधी विचारलं, आणि जे परत आलेच नाहीत त्यांचं काय धरलं. ज्या डॉक्टरांनी पाय बरा केला त्यांनीच समोर बसून विचारलं तर भला माणूस "हो, छान" म्हणणारच. जो नाराज आहे तो बरेचदा दुसरीकडे निघून गेलेला असतो. थेट समाधानाच्या प्रश्नापेक्षा आधीचे आणि नंतरचे गुण यांतला फरक मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे माणूस उपकाराच्या भावनेतून कमी आणि आपल्या पायाकडे बघून जास्त उत्तर देतो.

अनघा_फेरतपासणी:

आकडेमोड, हे मी रोज बघते. डॉक्टर खोलीत असताना प्रश्नावली भरली तर आणि बाहेर बाकावर बसून भरली तर, उत्तरं वेगळी येतात. आता आम्ही ती बाहेरच भरून घेतो.

जुईली:

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या उजव्या पायाचं रेडिओफ्रीक्वेन्सीचं ठरलंय. एका ठिकाणी सांगितलं की मांडीतली नस बंद करू, पोटरीवरच्या फुगलेल्या नसा नंतर बघू, कदाचित आपोआप बसतील. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले एकाच वेळी सगळं काढू. कुणाचं ऐकू? आणि मोजे किती दिवस? मोज्यांची मला आत्तापासूनच धास्ती आहे.

शल्यक:

जुईली, दोन्ही पद्धती मान्य आहेत. मूळ नस बंद झाली की खालच्या फांद्यांवरचा दाब उतरतो आणि काही फांद्या खरोखर बसतात, मग दुसऱ्या वेळी काही करावं लागत नाही. उलट एकाच वेळी बारीक छिद्रांतून त्या काढल्या तर पहिल्या काही आठवड्यांत गुण लवकर सुधारतात आणि परत यावं लागण्याची शक्यता बरीच कमी होते. मात्र काळंनिळं जास्त होतं, छिद्रांचे ठिपके काही महिने दिसतात. तुमची मुख्य तक्रार पोटरीवरच्या गुंत्याची असेल तर मी एकाच वेळी करण्याकडे झुकेन. जडपणाची असेल आणि फांद्या लहान असतील तर थांबायला हरकत नाही.

मोज्यांबाबत 'नाइस'चं म्हणणं आहे की उपचारानंतर द्यायचेच असतील तर सात दिवसांपेक्षा जास्त नकोत. बरेच सर्जन त्याहून जास्त सांगतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना कारण विचारा. जखमेवरचा पट्टा हा वेगळा विषय आहे, मावशींनी तो मनाने सोडू नये. आणि कुणीही घट्ट मोजे स्वतःहून आणून घालू नयेत, आधी पावलाची नाडी आणि धमन्या ठीक आहेत हे तपासून घ्यावं.

वाटसरू:

जुईली, एक सांगतो. पहिल्या दिवसापासून चालत राहा. मी घाबरून पलंगावर पडून राहायचो तेव्हा ओढ जास्त जाणवायची.

अनघा_फेरतपासणी:

जुईली, ऑपरेशनआधी एक कागद घ्या आणि तुमच्या शब्दांत तुमची मुख्य तक्रार लिहा. एकच. "संध्याकाळी पाय जड होतो" किंवा "पोटरी वाईट दिसते", जे काही खरं असेल ते. दिसण्याची तक्रार लिहायला लाजू नका, तीही तक्रारच आहे. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, "या उपचाराने हे कितपत जाईल?" उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. पायाचे फोटो उभं राहून काढा, झोपून काढले तर नसा दिसतच नाहीत. सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात परत काढा. मधल्या काळात काळंनिळं बघून निष्कर्ष काढू नका.

आणि फोन कधी करायचा ते आत्ताच लिहून ठेवा. नसेच्या रेषेत थोडं दुखणं, ओढ, टणक गाठ, थोडी बधिरता, यासाठी दिवसा फोन करा, आम्ही सांगू. पण अख्खी पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा दम लागला, छातीत कळ आली, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. खोल नीलेत गुठळी होणं क्वचितच घडतं, पण घडलं तर तास महत्त्वाचे असतात.

जुईली:

कागद लिहिला. माझी तक्रार जडपणाचीच निघाली, आणि मी इतके दिवस सगळ्यांना दिसण्याची सांगत होते. उद्या डॉक्टरांना हाच दाखवते. रेवाताई, तुमच्या डागांचं काय झालं तेही कळवा.